विकेंद्रित नोंदवही : संशोधनाच्या दिशा आणि गावाची साक्ष

(कर्नाळा, ता. पनवेल येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्नाळ्याच्या सुळक्याखाली बसून संगणकशास्त्राच्या एका नव्या शाखेविषयी बोलावे, हा योग मला प्रथम काहीसा विजोड वाटला. या परिसरात किल्ल्याविषयी बोलावे, फार तर अभयारण्यातील पाखरांविषयी. परंतु पनवेल तालुक्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे आणला तेव्हा ध्यानात आले की, नोंद कोणी लिहावी, ती कोठे ठेवावी आणि तिच्यावर कोणाच्या साक्षीने विश्वास ठेवावा, या प्रश्नाची झळ या भूमीला पुरेपूर लागलेली आहे. आजचा विषय मुळात हाच आहे.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी येथील जमिनींचे संपादन सुरू झाले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावर विमाने उतरू लागली आहेत. या सर्व स्थित्यंतरांत प्रत्येक कुटुंबाचे भवितव्य एका ओळीवर अवलंबून राहिले : अमुक गट क्रमांक, अमुक क्षेत्र, अमुक नाव. त्या ओळीत वारसाचे नाव राहून गेले, तर हक्काच्या भूखंडासाठी एका पिढीचे आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविण्यात जाते, हे आपणांस सांगावयास नको.

दुसरी आठवण अलीकडची आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. खोट्या कर्जखात्यांद्वारे रकमा वळविण्यात आल्याचा आरोप तपास यंत्रणांनी ठेवला. त्याचा निर्णय न्यायालयांचा आहे, त्यात आपण पडण्याचे कारण नाही. तथापि सामान्य ठेवीदाराच्या मनात साहजिकच उठणारा एक प्रश्न आपला आहे. बँकेची वही बँकेच्याच हाती असताना तिच्यात काय लिहिले जाते, हे बाहेरच्याला कळावे कसे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून आज ‘ब्लॉकचेन’चे नाव घेतले जाते. ते उत्तर कितपत पुरे पडते, हे तपासण्याचा माझा हेतू आहे.

जुन्या दप्तरांतील युक्ती

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. मराठेशाहीतील मोडी कागद आपण पाहिले असतील. लांब मजकुरासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत आणि जोडावर मागील बाजूने शिक्का उमटवीत. मधला एखादा बंद काढून दुसरा बसवावयाचा, तर शिक्का जुळत नसे. मजकूर संपला की तेथे मोर्तब होई, जेणेकरून त्याखाली कोणी ओळ वाढवू नये. वतनाच्या वा इनामाच्या पत्रात स्थानिक अधिकाऱ्यास आज्ञा असे की, पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, दप्तरी ठेवून घ्यावी आणि असल पत्र धन्याकडे परत द्यावे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला, तर महजरावर पाटलाची नांगराची निशाणी पडे आणि जमलेल्यांच्या साक्षी नोंदविल्या जात.

यांतून तीन तत्त्वे निघतात. पहिले, प्रत्येक पान मागील पानाशी जोडलेले असावे. दुसरे, प्रती अनेक ठिकाणी असाव्यात. तिसरे, साक्षीदार अनेक आणि शक्यतो परस्परांपासून स्वतंत्र असावेत. ब्लॉकचेनची सारी इमारत याच तीन तत्त्वांवर उभी आहे. नवीन आहे ते गणित आणि वेग.

रचना थोडक्यात

कोणताही मजकूर, मग तो एका ओळीचा असो वा हजार पानांचा, विशिष्ट गणिती क्रियेतून काढला असता ठरावीक लांबीची एक अक्षरांक-माला मिळते. तिला ‘हॅश’ म्हणतात. आपण तिला मजकुराचा ठसा म्हणू. मजकुरात ‘२० गुंठे’ याऐवजी ‘२१ गुंठे’ असा एका अंकाचा फरक केला, तरी ठसा पूर्णतः बदलतो. नोंदींचा एक गठ्ठा तयार झाला की त्याचा ठसा पुढील गठ्ठ्यात लिहावयाचा, त्या गठ्ठ्याचा ठसा त्याच्या पुढील गठ्ठ्यात, अशी ही साखळी. मागील एक अक्षर बदलले, की पुढचे सारे जोड निखळतात.

ही कल्पना बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा या दोन शास्त्रज्ञांनी १९९१ साली संगणकीय दस्तऐवजावर कालमुद्रा कशी उमटवावी, याविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९९५ पासून त्यांच्या व्यवसायातर्फे अशा नोंदींचा साप्ताहिक ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापला जाऊ लागला. घरोघर गेलेल्या वर्तमानपत्राच्या प्रती पुन्हा गोळा करून कोण बदलणार? चावडीवर नोटीस डकविण्यामागे जो विचार आहे, तोच यामागे होता.

साक्षीदारांपैकी काही अप्रामाणिक असतील, तर उरलेल्यांचे एकमत कसे व्हावे, हा प्रश्न लेस्ली लॅम्पोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ‘बायझंटाइन सेनापतीं’च्या दृष्टांताने मांडला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधाने हे धागे एकत्र गुंफले आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनची साखळी सुरू झाली. २०१५ साली आलेल्या इथेरियमने त्या साखळीवर केवळ नोंदीच नव्हेत, तर अटींनुसार आपोआप अमलात येणारे करारही बसविले.

चलनाच्या सट्ट्याने या विषयाला बरीच बदनामी दिली. तो भाग आपण बाजूला ठेवू. प्रशासनाला उपयोग आहे तो नोंद जपण्याच्या शास्त्राचा.

संशोधनाचे प्रवाह

आज या क्षेत्रातील संशोधन प्रामुख्याने पाच दिशांनी चालले आहे.

पहिली दिशा सहमतीची. बिटकॉइनमध्ये नवा गठ्ठा जोडण्याचा मान मिळविण्यासाठी संगणकांना निरर्थक भासणारी अवाढव्य आकडेमोड करावी लागते आणि वीज त्यात खर्ची पडते. तारण ठेवलेल्या ठेवीच्या आधारे साक्षीदार निवडण्याची पद्धत इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी स्वीकारली, तेव्हा त्याचा विजेचा वापर नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटला.

दुसरी दिशा क्षमतेची. बिटकॉइनची मूळ साखळी सेकंदाला सुमारे सात व्यवहार पेलते. उलटपक्षी, ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात आपल्या यूपीआयवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. म्हणजे सरासरीने सेकंदाला सात हजारांहून अधिक. म्हणूनच बहुतेक काम मुख्य साखळीबाहेर उरकून केवळ त्याचा पुरावा साखळीवर ठेवण्याच्या दुय्यम थरांवर मोठे संशोधन होत आहे. या प्रश्नास उत्तर मिळत आहे. पण जेथे एकच विश्वासार्ह संस्था सर्वमान्य आहे, तेथे साधी केंद्रीय व्यवस्थाच अधिक वेगवान व स्वस्त ठरते, हेही या आकड्यांतून दिसते.

तिसरी दिशा गोपनीयतेची. शाफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली व चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ साली मांडलेल्या शून्यज्ञान सिद्धतेने आज व्यवहारात प्रवेश केला आहे. एखादी गोष्ट खरी आहे हे पटवून द्यावयाचे, पण ती गोष्ट उघड करावयाची नाही, असा हा पुरावा. अर्जदार अठरा वर्षांवरील आहे एवढेच सिद्ध व्हावे, जन्मतारीख कळू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली संमत झाला असून त्यात नागरिकाला माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. जी वही पुसताच येत नाही, तिच्यात नाव-गाव लिहिणे या हक्काशी विसंगत ठरते. त्यामुळे व्यक्तीची माहिती बाहेर आणि तिचा ठसा तेवढा साखळीवर, हा दंडक रूढ होत आहे.

चौथी दिशा विकेंद्रित वेबची. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न येथे वेबची कल्पना मांडली, तेव्हा कोणीही कोठूनही पान प्रसिद्ध करावे, असे तिचे रूप होते. आज जगाची बरीचशी माहिती मोजक्या कंपन्यांच्या माहितीकेंद्रांत एकवटली आहे. अशा केंद्रांचा आकार पाहावयाचा, तर दूर जावयास नको. आपल्या पनवेलमध्ये २०२० साली सुरू झालेल्या योट्टाच्या केंद्राची क्षमता ७,२०० रॅकची आहे. रॅक म्हणजे संगणक रचून ठेवण्याचे लोखंडी कपाट. अशी केंद्रे आवश्यकच आहेत. परंतु माहितीचा मालक आणि तिचा रखवालदार एकच असू नयेत, या विचाराने बर्नर्स-ली यांनीच ‘सॉलिड’ हा प्रकल्प हाती घेतला. आयपीएफएस या पद्धतीत तर दस्तऐवज त्याच्या ठिकाणावरून न शोधता त्याच्या ठशावरून शोधतात; मग प्रत कोणाकडूनही मिळो, ती असलच असल्याची खात्री होते.

पाचवी दिशा दीर्घायुष्याची. क्वांटम संगणक पुरेसे समर्थ झाले, तर आजच्या संगणकीय स्वाक्षऱ्या त्यांना फोडता येतील. यासाठी अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची तीन मानके जाहीर केली. जमिनीची नोंद शंभर वर्षे टिकावी लागते, म्हणून हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

महाराष्ट्रातील प्रयोग

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या साखळीवर करण्याचा प्रकल्प २०२२ साली जाहीर झाला. प्रमाणपत्रावरील चौकोनी संकेत मोबाइलने टिपला, की ते असल आहे की बनावट, हे पडताळता यावे, अशी ती योजना. पॉलिगॉनचा आरंभही २०१७ साली भारतीय तंत्रज्ञांनीच, मॅटिक या नावाने केला होता.

केंद्र शासनाने ४ सप्टेंबर २०२४ रोजी ‘विश्वस्य’ या राष्ट्रीय ब्लॉकचेन व्यवस्थेची घोषणा केली. सी-डॅक, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र व अन्य संस्थांनी मिळून ती घडविली असून तिची यंत्रणा पुणे, भुवनेश्वर आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या माहितीकेंद्रांत आहे. एक शहर बुडाले वा एका इमारतीस आग लागली, तरी नोंद वाचेल. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील फायली भस्मसात झाल्या, ते ज्यांनी पाहिले त्यांना या व्यवस्थेचे मोल कळेल. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. तीन शहरांत प्रती असणे आणि तीन स्वतंत्र साक्षीदार असणे, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. सर्व प्रती एकाच संस्थेच्या हाती असतील, तर अपघातापासून रक्षण होते; खुद्द त्या संस्थेच्या चुकीपासून होत नाही.

साखळीच्या आधीची नोंद

आता मी मुख्य मुद्द्याकडे वळतो. एटापल्लीचेच उदाहरण घेऊ. साखळी असे सांगेल की, हे प्रमाणपत्र सक्षम अधिकाऱ्याने दिले आणि त्यानंतर त्यात बदल झालेला नाही. परंतु ते ज्या पुराव्यावर दिले, तो खरा होता काय? तो पुरावा बहुधा अर्जदाराच्या आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील एका ओळीत असतो. ती ओळ लिहिणारे शिक्षक आज हयात नसतील. त्यांनी ती विचारून लिहिली की अंदाजाने, हे जगातील कोणतेही गणित सांगू शकत नाही. उपस्थित शिक्षकांनी याचा अवश्य विचार करावा. आज पहिलीत दाखल होणाऱ्या मुलाचे नाव, जन्मतारीख व जात आपण ज्या काळजीने लिहाल, त्यावर त्याच्या नातवाचा हक्क उभा राहील.

बँकेचेही तसेच. एखाद्या बँकेने आपली वही स्वतःच्याच संगणकांवर ब्लॉकचेनने बांधली आणि तिच्यात अस्तित्वात नसलेल्या कर्जदाराचे खाते लिहिले, तर ती साखळी त्या खोट्या खात्याचे निष्ठेने रक्षण करील. नोंद पक्की होईल, खरी होणार नाही. संशोधक याला साखळी आणि बाह्य जग यांच्यामधील दुव्याचा प्रश्न म्हणतात. या क्षेत्रातील सर्वांत अवघड आणि अद्याप न सुटलेला प्रश्न हाच आहे. याचे उत्तर केवळ संगणकशास्त्रात सापडेल, असे मला वाटत नाही.

ते उत्तर आपल्या जमीन महसूल पद्धतीत मात्र अंशतः सापडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद होताच तिची प्रत चावडीत ठळक जागी लावावी लागते, हितसंबंधितांना लेखी कळवावे लागते, हरकत आली तर ती वेगळी नोंदवून तिची चौकशी करावी लागते आणि मगच नोंद प्रमाणित होते. सात-बारावर जुने नाव पुसले जात नाही. ते कंसात जाते आणि नव्या नावापुढे फेरफार क्रमांक येतो. मागचे न खोडता पुढे लिहीत जाणे, हे ब्लॉकचेनचे ब्रीद आपल्या तलाठ्याला, आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, पूर्वीपासून अवगत आहे.

तेव्हा पुढची दिशा अशी असावी की, चावडीवरील ही साक्ष जिवंत राहावी आणि त्या साक्षीने खरी ठरलेली नोंद साखळीने जपावी. हरकतीची मुदत केवळ कागदावर उलटून गेली, नोटीस कोणी वाचलीच नाही, वारसांपैकी बहिणींना कळविलेच नाही, आणि अशी नोंद न पुसता येणाऱ्या वहीत गेली, तर तंत्रज्ञानाने अन्यायाला कुलूप लावल्यासारखे होईल.

विचारावयाचे प्रश्न

आपल्या कार्यालयाकडे वा पंचायतीकडे उद्या अशा प्रणालीचा प्रस्ताव येईल. तंत्रज्ञ नसतानाही आपण काही प्रश्न अवश्य विचारावेत.

या वहीत लिहिणाऱ्या संस्था एकाहून अधिक आहेत काय? नसतील, तर संगणकीय स्वाक्षरी असलेली साधी प्रणाली पुरेशी नाही काय? २०१८ पासून मिळणारा संगणकीय स्वाक्षरीचा सात-बारा ब्लॉकचेनवाचूनच बँकांत व कचेऱ्यांत चालतो, हे विसरू नये.

प्रती कोणाकडे राहतील? महसूल, नोंदणी, भूमी अभिलेख, बँक व ग्रामपंचायत या प्रत्येकाकडे स्वतंत्र प्रत असेल, तरच ‘विकेंद्रित’ या शब्दाला अर्थ आहे.

चुकीची नोंद दुरुस्त कशी होईल, आणि न्यायालयाचा हुकूम साखळीवर कसा उतरेल?

स्वाक्षरीची किल्ली कोणाकडे राहील? अधिकाऱ्याची बदली झाली, डोंगल हरवले वा दुसऱ्याच्या हाती राहिले, तर काय?

आणि शेवटचा प्रश्न : ज्या वृद्धेजवळ मोबाइल नाही, तिला आपली नोंद कोण वाचून दाखवील?

या पाच प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर प्रस्तावाचे निःसंकोच स्वागत करावे. न मिळाली, तर नव्या शब्दाच्या दबदब्याला भुलू नये.

समारोप

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा कारभार सुरू झाला, तेव्हा ‘विकेंद्रीकरण’ हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. अधिकार वाटला गेला. त्याबरोबर लक्ष ठेवण्याची जबाबदारीही वाटली गेली. संगणकशास्त्रातील विकेंद्रीकरणाचा धडाही याहून निराळा नाही. ज्या साखळीचे साक्षीदार जागे नसतात, ती साखळी असून नसल्यासारखी असते. जी ग्रामसभा भरत नाही, तिची गतही तीच.

म्हणून आपणांस माझी एकच विनंती आहे. आपल्या गावी परत गेल्यावर फेरफाराच्या नोटिसा चावडीत खरोखर लागतात काय, हे पाहावे. लागत असतील, तर त्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविण्याचा प्रघात पाडावा. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. हे घडले, तर उद्या येणाऱ्या यंत्राच्या स्वाधीन करण्याजोगे काही खरे आपल्या हाती असेल.

जय हिंद, जय महाराष्ट्र!